सोलेदादची नऊ मुलं आणि ३६ वर्षांचा उशीर

जानेवारी १९७० मध्ये उत्तर कॅलिफोर्नियाच्या फेडरल न्यायालयात नऊ मुलांच्या वतीने एक दावा दाखल झाला. मुलं ८ ते १३ वर्षांची, माँटेरे काउंटीतल्या सोलेदाद गावची, मेक्सिकन वंशाच्या शेतमजुरांच्या घरातली. घरात स्पॅनिश बोलली जायची. शाळेने त्यांची बुद्धिमापन चाचणी इंग्रजीत घेतली आणि त्या निकालावरून त्यांना मतिमंद मुलांच्या वर्गात बसवलं. बुद्ध्यांक ३० ते ७२ यांच्या दरम्यान, सरासरी साडेत्रेसष्ट.

मग दोन्ही भाषा येणाऱ्या एका मानसशास्त्रज्ञाने याच मुलांना पुन्हा तपासलं. या वेळी मुलांना हव्या त्या भाषेत उत्तर देता येत होतं. नऊपैकी सात मुलं ७० च्या, म्हणजे मतिमंद ठरवण्याच्या रेषेच्या, वर गेली. सगळ्यांत कमी गुण मिळालेलं मूलही त्या रेषेच्या खाली फक्त ३ अंकांनी राहिलं. सरासरी वाढ १५ अंकांची. एका मुलाचे तर ४९ अंक वाढले.

ज्याने कधी एखाद्या मुलासमोर बसून अशी चाचणी घेतली आहे, त्याच्या पोटात हा ४९ चा आकडा वाचून गोळा येईल. मूल तेच होतं, त्याचं डोकंही तेच. समोर बसलेल्या माणसाला त्याची भाषा कळू लागली, एवढाच काय तो फरक.

हे प्रकरण, नऊ मुलांपैकी एकीच्या नावावरून, ‘डायना विरुद्ध राज्य शिक्षण मंडळ’ या नावाने ओळखलं जातं. विशेष शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते: द्वैभाषिक मुलांची चाचणी मातृभाषेत घ्यावी, असं या खटल्यामुळे ठरलं. ओळ बरोबर आहे, पण तिच्यात एक गोष्ट सुटते. ही चूक १९७० मध्ये सापडलेली नव्हती. ती १९३४ सालीच एका मान्यवर मानसशास्त्रीय नियतकालिकात छापून आली होती. मधली ३६ वर्षं ते ज्ञान कुठे होतं, हा प्रश्न मला या प्रकरणात सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि म्हणून मी ते सविस्तर मांडते आहे.

गाव आणि शाळा

सोलेदाद म्हणजे स्पॅनिशमध्ये एकांत. १७९१ मध्ये तिथे स्थापन झालेल्या मिशनवरून गावाला हे नाव पडलं. सालिनास नदीच्या खोऱ्यातलं हे गाव. या खोऱ्याला ‘अमेरिकेची सॅलडची वाटी’ म्हणतात, इतकं लेट्यूस तिथे पिकतं. ते खुडणारे, विरळणी करणारे हात बहुतांशी मेक्सिकन मजुरांचे. विरळणीसाठी आखूड दांड्याची कुदळ दिली जायची, ‘एल कोर्तितो’. ती चालवायची तर दिवसभर कमरेत वाकूनच राहावं लागे, आणि कोण ताठ उभा राहून विसावा घेतोय ते मुकादमाला लांबूनच दिसे. या कुदळीविरुद्ध लढलेली संस्था आणि या नऊ मुलांच्या बाजूने उभी राहिलेली संस्था एकच: १९६६ मध्ये सुरू झालेली कॅलिफोर्निया रूरल लीगल असिस्टन्स. गोरगरीब ग्रामीण लोकांना मोफत वकील पुरवणारी. त्या कुदळीवर १९७५ मध्ये बंदी आली. मुलांचं प्रकरण आधी मिटलं.

शाळेच्या भाषेबद्दलही थोडं सांगायला हवं. कॅलिफोर्नियात १८७२ पासून शाळेत इंग्रजीतूनच शिकवण्याचा कायदा होता. तो १९६७ मध्ये सैल झाला, म्हणजे या दाव्याच्या जेमतेम तीन वर्षं आधी. नऊ मुलांपैकी मोठी मुलं शाळेत गेली तेव्हा तो लागूच होता. मूल घरून स्पॅनिश घेऊन यायचं, वर्गात काही कळायचं नाही म्हणून गप्प बसायचं, आणि गप्प बसलेलं मूल चाचणीसाठी पाठवलं जायचं. चाचणी घेणारा स्पॅनिश न येणारा. चाचणीची भाषा तीच, जी न कळल्यामुळे मूल तिथवर आलं होतं.

ज्या वर्गात त्यांना बसवलं त्याचं अधिकृत नाव ‘एज्युकेबल मेंटली रिटार्डेड’, शिकवता येण्याजोगी मतिमंद. आज आपण हा शब्द वापरत नाही, वापरूही नये. त्या काळचा म्हणूनच तो इथे येतो आहे. शिकवता येण्याजोगी म्हणायचं आणि शिकवायचं मात्र फारच थोडं, अशी त्या वर्गांची अवस्था होती. एकदा आत गेलेलं मूल परत सामान्य वर्गात येणं अवघड, कारण दरवर्षी त्याच्या वयाची मुलं अभ्यासक्रमात पुढे सरकत राहायची.

माँटेरे काउंटीत स्पॅनिश आडनावाची मुलं एकूण विद्यार्थ्यांच्या साडेअठरा टक्के होती. मतिमंदांच्या वर्गांत मात्र त्यांचं प्रमाण जवळजवळ एक तृतीयांश होतं. दावा या आकड्यांवर उभा होता. नऊ मुलं ही त्या आकड्यांची माणसं.

चाचणी काय मोजत होती

वापरलेल्या चाचण्या दोन: स्टॅनफर्ड-बिने आणि मुलांसाठीची वेक्सलर चाचणी. दोन्ही नावाजलेल्या. पण १९४९ ची वेक्सलर चाचणी २,२०० मुलांवर प्रमाणित केली होती, म्हणजे तिचे मानदंड त्यांच्या गुणांवरून ठरवले होते, आणि ती सगळी गोरी अमेरिकन मुलं होती. स्टॅनफर्ड-बिनेच्या १९३७ च्या आवृत्तीचं प्रमाणीकरणही अमेरिकेत जन्मलेल्या गोऱ्या मुलांवरच झालेलं.

बुद्ध्यांक हा तुलनेचा आकडा आहे. शंभर म्हणजे ‘त्या वयाच्या मुलांइतकं’. कुठल्या मुलांइतकं, हे चाचणीच्या पुस्तिकेत मागे कुठेतरी लिहिलेलं असतं. ते पान चाचणी घेणाऱ्याने उघडलं नाही, तर आकडा स्वतःहून काही सांगत नाही.

वेक्सलरमध्ये एक प्रश्न असा होता: बिलाचे पैसे रोख देण्यापेक्षा चेकने देणं बरं, ते का? लेट्यूसच्या शेतावर रोजंदारी करणाऱ्या बापाच्या मुलीला हा प्रश्न इंग्रजीत विचारा. तो स्पॅनिशमध्ये विचारला तरी काय होणार? घरात चेकबुक नाही. भाषेचा अडसर दूर केला की पहिली भिंत पडते. तिच्यामागे दुसरी असते.

ही दुसरी भिंत समजली नाही तर डायना प्रकरण अर्धंच समजतं. भाषांतर केलं की झालं, असं वाटतं. पण कुठल्या स्पॅनिशमध्ये भाषांतर? वेक्सलरचं एक स्पॅनिश रूप प्युर्तो रिकोमध्ये तयार झालं होतं. सालिनासच्या खोऱ्यातलं मूल ट्रकला ‘त्रोका’ म्हणतं, दुपारच्या डब्याला ‘लोंचे’. हे शब्द प्रमाण स्पॅनिशच्या शब्दकोशात शोधायला जाल तर वेगळेच सापडतील. आपल्याकडे वऱ्हाडातल्या पोराला पुस्तकी पुणेरी मराठीत प्रश्न विचारावा आणि तो अडखळला तर त्याला मराठी येत नाही म्हणावं, तसंच हे.

दुसऱ्या चाचणीत सरासरी १५ अंकांनी वाढूनही ही मुलं शंभरापर्यंत पोचली नव्हती, साडेअठ्ठ्याहत्तरच्या आसपास होती. एखादा चिकित्सक वाचक इथे बोट ठेवेल आणि ते योग्यच आहे. म्हणजे ही मुलं थोडी कमीच होती का? माझं उत्तर असं: स्पॅनिशमध्ये घेतली तरी चाचणी तीच होती, तिचे मानदंड त्याच २,२०० मुलांचे होते, आणि ज्यांना शाळेत वर्षानुवर्षं काही शिकवलंच गेलं नाही त्यांच्या सामान्यज्ञानाचे गुण कुठून वाढतील? शिवाय नऊपैकी दोन मुलं ७० च्या वर आली नाहीत. त्यांना खरोखरच वेगळ्या मदतीची गरज असू शकेल. बौद्धिक अक्षमता खरी असते, तिच्यासोबत जगणाऱ्या मुलांना आणि आईबापांना खरी मदत लागते. चुकीची मुलं त्या वर्गात भरली की त्या दोघांसारख्यांचाही वेळ आणि जागा जाते.

आणि ती ७० ची रेषाही दगडावर कोरलेली नव्हती. अमेरिकेतल्या मतिमंदत्वविषयक व्यावसायिक संघटनेच्या १९६१ च्या व्याख्येत रेषा ८५ ला होती. १९७३ मध्ये संघटनेनेच ती ७० वर आणली. एका बैठकीत व्याख्या बदलली आणि लक्षावधी माणसं कागदावर मतिमंद राहिली नाहीत.

१९३४

जॉर्ज आय. सांचेझ यांचा जन्म १९०६ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीचा. सोळाव्या वर्षी ते खेड्यातल्या शाळेत मास्तर झाले. स्पॅनिश बोलणारी मुलं, इंग्रजी पुस्तकं, एकशिक्षकी शाळा. पुढे शिकत शिकत ते टेक्सास विद्यापीठात प्राध्यापक झाले, पण मला त्यांच्या लेखनात तो खेड्यातला मास्तर शेवटपर्यंत दिसतो.

१९३४ मध्ये ‘जर्नल ऑफ अप्लाइड सायकॉलॉजी’त त्यांचा लेख आला. विषय द्वैभाषिकता आणि बुद्धिमापन. लेखाच्या नावातच सावधगिरीचा इशारा होता. म्हणणं साधं होतं: चाचणीतल्या गोष्टी ज्या मुलांवरून मानदंड ठरवले त्यांच्या जितक्या ओळखीच्या असतील, तितक्याच तपासल्या जाणाऱ्या मुलाच्याही ओळखीच्या असतील, तेवढ्यापुरतीच ती चाचणी खरी. भाषा, घर, शाळेतली हजेरी, गरिबी हे सगळं बाजूला ठेवून मिळालेल्या आकड्याला बुद्धी म्हणू नका.

हे कुणाला उद्देशून होतं, ते समजायला आणखी १८ वर्षं मागे जावं लागतं. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या लुईस टर्मन यांनी बिने यांच्या फ्रेंच चाचणीचं अमेरिकन रूप प्रसिद्ध केलं. सोबतच्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की नैऋत्येकडच्या स्पॅनिश-इंडियन (इंडियन म्हणजे अमेरिकेतले मूळनिवासी) आणि मेक्सिकन कुटुंबांमध्ये मंदबुद्धी फार आढळते आणि ती वांशिक दिसते. अशा मुलांचे वेगळे वर्ग असावेत, अशी शिफारसही केली. ज्या बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसच्या शाळांसाठी ही चाचणी तयार केली, त्यांचा हेतू मागे पडणारं मूल ओळखून त्याला मदत देण्याचा होता; आकड्याला मुलाचं कायमचं माप मानू नये, असं ते बजावत होते. अटलांटिक ओलांडताना चाचणी आली, इशारा मागे राहिला. स्टॅनफर्ड ते सोलेदाद हे अंतर गाडीने दोनेक तासांचं आहे.

तर सांचेझ यांचा लेख छापला गेला. त्याला कोणी खोटं ठरवलं नाही. तो ग्रंथालयांत लागला. आणि सोलेदादमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस एका खोलीत एक मूल ‘चेकने पैसे देणं का बरं’ या प्रश्नासमोर गप्प बसलं होतं.

मधल्या काळात पुरावे वाढतच होते. १९६२ मध्ये माँट्रियलमध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी दाखवलं की दोन भाषा नीट येणारी मुलं बुद्धिमापनात एकभाषिक मुलांपेक्षा सरस ठरतात. त्याआधीची अनेक वर्षं दोन भाषांनी मुलाच्या डोक्यात गोंधळ होतो असंच सांगितलं जात होतं. कॅलिफोर्नियातच रिव्हरसाइड शहरात समाजशास्त्रज्ञ जेन मर्सर यांनी केवळ बुद्ध्यांक न पाहता मूल घरीदारी कसं वागतं, स्वतःची कामं कशी करतं तेही तपासलं. बुद्ध्यांकात नापास झालेल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांपैकी ६० टक्के या रोजच्या जगण्याच्या कसोटीवर उत्तीर्ण झाले. गोऱ्यांमध्ये असं एकही माणूस निघालं नाही. म्हणजे गोऱ्यांच्या बाबतीत चाचणी जे सांगत होती ते खरं होतं, मेक्सिकन लोकांच्या बाबतीत बहुतेक वेळा नव्हतं.

त्याच सुमारास राष्ट्राध्यक्षांच्या एका समितीच्या अहवालाने या मुलांना एक नाव दिलं: सहा तासांचं मतिमंद मूल. शाळेचे सहा तास मतिमंद. घंटा झाल्यावर तेच मूल धाकट्या भावंडांना सांभाळतं, दुकानातून हिशेबाने सामान आणतं, दवाखान्यात आईसाठी दुभाषाचं काम करतं. हे शेवटचं वाचताना मी थांबले. दोन भाषांमध्ये ये-जा करून आईचं दुखणं डॉक्टरला समजावणारं मूल, आणि कागदावर बुद्ध्यांक ६३.

तडजोड

खटला उभा राहिलाच नाही. फेब्रुवारी १९७० मध्ये, महिन्याभरातच, दोन्ही बाजूंनी समझोता केला आणि तो न्यायाधीश रॉबर्ट पेकम यांच्या न्यायालयात नोंदवला गेला. साक्षी झाल्या नाहीत, कोण चुकलं याचा निवाडा झाला नाही. कायद्याच्या दृष्टीने हा दुबळेपणा: निकालाला जो मान असतो तो समझोत्याला नसतो. पण मुलांसाठी महिन्याभरात काहीतरी हातात पडलं. एक वर्ग एक वर्ष आधी सुटला तर आठ वर्षांच्या मुलासाठी त्याचं मोल काय असतं, हे शिक्षकांना सांगायला नको.

कलमं थोडक्यात अशी. ज्या मुलाची घरची भाषा इंग्रजी नाही त्याची चाचणी त्या भाषेत आणि इंग्रजीत, दोन्हींत घ्यायची. शब्दसंग्रह आणि सामान्यज्ञान यांवर अवलंबून असलेले भाग वापरायचे नाहीत. आधीच अशा वर्गात बसवलेल्या मेक्सिकन आणि चिनी वंशाच्या मुलांना पुन्हा तपासायचं. जी मुलं परत सामान्य वर्गात येतील त्यांना मागे पडलेला अभ्यास भरून काढायला काय मदत देणार, याचा आराखडा प्रत्येक जिल्ह्याने राज्याला द्यायचा. मेक्सिकन-अमेरिकन मुलांच्या कुवतीचं प्रतिबिंब पडेल असे नवे मानदंड राज्याने तयार करायचे. आणि ज्या जिल्ह्यात मतिमंदांच्या वर्गांतलं या मुलांचं प्रमाण सामान्य वर्गांपेक्षा फार वेगळं असेल, त्याने कारण सांगायचं.

यातलं शेवटचं कलम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. बाकीची कलमं चाचणी कशी घ्यायची ते सांगतात. हे कलम निकालाकडे बघायला लावतं. चाचणी कितीही सुधारा, एका समाजाची मुलं एका खोलीत गोळा होत असतील तर कुणीतरी उठून विचारलं पाहिजे: का?

पुढच्या काही वर्षांत कॅलिफोर्नियात हजारो मुलं त्या वर्गांतून बाहेर आली. १९७५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने अपंग मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा केला, त्यात देशभरासाठी तत्त्व आलं: चाचणी मुलाच्या मातृभाषेत, भेदभाव न करणारी, आणि एकाच चाचणीवरून कोणाचंही भवितव्य ठरवायचं नाही. पेकम यांच्यासमोरच नंतर सॅन फ्रान्सिस्कोतल्या कृष्णवर्णीय मुलांचा खटला आला. त्याचा निकाल १९७९ मध्ये लागला आणि त्यात तर त्यांनी कृष्णवर्णीय मुलांना अशा वर्गात टाकण्यासाठी बुद्धिमापन चाचण्यांचा वापरच थांबवला.

पण वर्गातून बाहेर आलेलं मूल शिकू लागलं का? सामान्य वर्गात परत गेलं तरी तिथे शिकवण्याची भाषा इंग्रजीच होती. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनीभाषक मुलांना भाषेची कसलीही मदत मिळत नव्हती, त्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७४ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. कपाळावरची चिठ्ठी काढणं हे एक काम, पुढ्यातलं पुस्तक कळेल असं करणं हे दुसरं. डायना प्रकरणाने पहिलं केलं. दुसरं अर्धंमुर्धं झालं आणि अजूनही चालूच आहे.

ज्ञान अडलं कुठे

सांचेझ यांचा लेख चांगल्या नियतकालिकात आला होता. मग तो पोचला का नाही? मला वाटतं, कारण तो वाचणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणाचंच मूल त्या वर्गात बसलेलं नव्हतं. लेख पटला तरी रात्रीची झोप उडावी असं त्यांच्यासाठी त्यात काही नव्हतं. आणि ज्यांची मुलं त्या वर्गात होती, ते लेट्यूसच्या शेतात होते.

मार्था बर्नाल यांची गोष्ट इथे आठवते. टेक्सासमधल्या मेक्सिकन कुटुंबात १९३१ मध्ये जन्मलेली ही मुलगी एल पासोच्या शाळेत गेली तेव्हा तिथे स्पॅनिश बोलायला मनाई होती. १९६२ मध्ये त्यांनी इंडियाना विद्यापीठातून पीएचडी मिळवली. अमेरिकेत मानसशास्त्रात पीएचडी मिळवणारी मेक्सिकन वंशाची पहिली स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. सांचेझ यांचा लेख येऊन तोवर २८ वर्षं झाली होती. नंतर बर्नाल यांनी मानसशास्त्र विभागांमध्ये अल्पसंख्य समाजांतले विद्यार्थी आणि प्राध्यापक किती, याची मोजणी हाती घेतली. मोजमापाचं शास्त्र त्यांनी आपल्याच शास्त्राकडे वळवलं. मला त्यांचं हे काम फार भावतं.

१९७९ मध्ये लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, स्पॅनिशभाषकांच्या मानसिक आरोग्यावर संशोधन करणाऱ्या केंद्रात, आमादो पादिया यांनी ‘हिस्पॅनिक जर्नल ऑफ बिहेव्हिअरल सायन्सेस’ सुरू केलं. पुढे लॅटिनो, म्हणजे लॅटिन अमेरिकी वंशाच्या, मानसशास्त्रज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेचं स्वतःचं नियतकालिक आलं, ते अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनतर्फे प्रसिद्ध होतं. आधी त्याचं नाव ‘जर्नल ऑफ लॅटिना/ओ सायकॉलॉजी’ होतं, २०१९ पासून ‘जर्नल ऑफ लॅटिनेक्स सायकॉलॉजी’ झालं. नावातली ही तिरकी रेघ आणि नंतरचा ‘एक्स’ स्पॅनिश व्याकरणातून आलेले: तिथे नाम पुल्लिंगी तरी किंवा स्त्रीलिंगी तरी, आणि मिश्र घोळक्याला पुल्लिंगच. मराठी वाचकाला हे पटकन जाणवणार नाही, कारण आपण ‘मुलं आली’ म्हणतो आणि त्या नपुंसकलिंगी अनेकवचनात मुलगे, मुली सगळी सामावतात. त्यांच्या भाषेत ती सोय नाही, म्हणून त्यांना अक्षर शोधावं लागलं.

अशा नियतकालिकांबद्दल ‘एका समाजापुरतं वेगळं शास्त्र कशाला, मानसशास्त्र सगळ्यांचं एकच’ असा आक्षेप मी ऐकला आहे. सोलेदादची मुलं ‘सगळ्यांच्या’ शास्त्रानेच तपासली गेली होती. त्या ‘सगळ्यां’मध्ये २,२०० गोरी मुलं होती. ज्या नियतकालिकाचा संपादक, परीक्षक, वाचक स्वतः दोन भाषांत वाढलेले असतात, तिथे ‘ही चाचणी कुणावर प्रमाणित केली?’ हा प्रश्न लेखाच्या पहिल्या वाचनात विचारला जातो. त्यासाठी कुणाला वकील करावा लागत नाही.

आपल्या दारात

सांचेझ लिहीत होते त्याच १९३० च्या दशकात धारवाडला व्ही. व्ही. कामत बिने चाचणी मराठी आणि कानडीत आणत होते. त्यांनी शब्द बदलून काम भागवलं नाही. इथल्या मुलांवर चाचणी घेऊन वयानुसार प्रश्नांची जागा पुन्हा ठरवली. १९४० मध्ये त्यावर त्यांचं पुस्तक निघालं. बिने-कामत चाचणी आपल्याकडे आजही वापरात आहे. पुढे नागपुरात आर्थर मालिन यांनी वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, तेही मराठीत उपलब्ध झालं. सोलेदादच्या मुलांना जे मिळालं नाही ते मराठी मुलांना मिळालं होतं, आणि त्याबद्दल कामतांचं ऋण आपण फारसं मानलेलं नाही.

पण मराठी कोणाची मातृभाषा आहे? धडगावच्या पावरी बोलणाऱ्या मुलाची नाही. मेळघाटातल्या कोरकू मुलाची नाही. कोरकूचं तर भाषाकुळच वेगळं. गडचिरोलीतल्या गोंडी किंवा माडिया मुलासाठी प्रमाण मराठी ही सोलेदादची इंग्रजी आहे. ऊसतोडीला आईबापांबरोबर जाणारं बीडचं मूल मराठीच बोलतं, पण वर्षातले पाच-सहा महिने फडावर काढतं. त्याला ‘सामान्यज्ञान’ विचारलं तर ते कुठल्या सामान्यांचं? शाळेत ‘याला काही येत नाही’ असं ज्याच्याबद्दल म्हणतात ते मूल बैलगाडी जुंपतं, मोळी बांधतं, धाकटीला झोळीत झुलवतं. सहा तासांचं मतिमंद मूल. मी समुपदेशनाच्या कामात जेव्हा जेव्हा चाचणीची पेटी उघडते, तेव्हा आधी विचारते: घरी काय बोलता? हा प्रश्न माझ्या प्रशिक्षणात नव्हता. तो मी या प्रकरणातून उचलला.

आणि या प्रकरणाचा एक धागा थेट मराठी घरांत पोचलेला आहे. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणारं मराठी जोडपं मुलाला सरकारी शाळेत घालायला जातं, तेव्हा त्यांच्यापुढे एक कागद येतो. त्याला घरच्या भाषेची पाहणी म्हणतात. तो १९७४ च्या त्या चिनी मुलांच्या निकालानंतर आला. मूल मागे पडतंय म्हणून शाळेला त्याची तपासणी करायची झाली, तर शक्य असेल तोवर ती त्याच्या मातृभाषेत करायला अमेरिकेचा आजचा विशेष शिक्षणाचा कायदा शाळेला बांधून घालतो. हे कलम १९७५ च्या कायद्यातून आलं आहे, आणि त्याच्या मुळाशी सोलेदादची ती नऊ मुलं आहेत. पुष्कळ आईबाप त्या कागदावर ‘इंग्लिश’ लिहून मोकळे होतात. मुलाला नसत्या वर्गात घालतील, ही त्यांची भीती मला समजते. तरी मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते. मूल बोलायला शिकलं तेव्हा पहिली भाषा कोणती, घरात जास्त कोणती बोलता, मुलाशी तुम्ही कोणत्या भाषेत बोलता: या तिन्ही ओळींत, खरं असेल तर, मराठी लिहा.